पहाटे हायवेवर दिसणारे सायकलवाले कोण? रामदासपेठ ते कोंढाळी, एका शर्यतीची तयारी समजून घेऊ

नागपूर : गावाकडच्या माणसाला रामदासपेठ माहीत असते ती दवाखान्यांमुळे. पेशंटला भरती करायचे, रिपोर्टची वाट पाहायची आणि रात्र बाहेर फुटपाथवर चादर टाकून काढायची. अशी रात्र काढलेल्यांपैकी अनेकांनी एक गोष्ट पाहिली असेल. पहाटे पाच वाजता, चहाच्या टपऱ्या नुकत्या उघडत असताना, दहा-पंधरा सायकलवाले चौकात जमतात. डोक्यावर हेल्मेट, अंगावर चमकणारे जॅकेट, सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल लाईट. कोणी चाकातली हवा दाबून पाहतो, कोणी बाटल्या भरतो. पाच मिनिटांत रांग लागते आणि ती अमरावती रोडने निघून जाते.

सकाळी सव्वासातच्या सुमारास हीच रांग कोंढाळीत दिसते. तोपर्यंत पन्नासेक किलोमीटर झालेले असतात. हॉटेलात पोहे खातात, बाटल्या भरतात आणि आल्या रस्त्याने परत जातात. टपरीवर बसलेला एखादा म्हणतोच, "एवढाच घाम गाळायचा तर आमच्या वावरात या म्हणा, तूर कापायला माणूस भेटत नाही."

थट्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न खरा आहे. ही माणसे कोण, कशाची तयारी करतात आणि ती नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्येच का जास्त दिसतात? यातले बरेचसे डॉक्टर, दुकानदार, नोकरीवाले आणि कॉलेजातले पोरं असतात. सायकल हा त्यांचा धंदा नाही, पगारही कोणी देत नाही. घरी पोहोचून आंघोळ करून ते आपापल्या कामाला लागतात. पण त्यांच्या सरावामागे एक पक्के गणित असते. ते गणित गावातल्या सायकल चालवणाऱ्या पोरा-पोरींच्या आणि भर उन्हात काम करणाऱ्या शेतकऱ्याच्याही कामाचे आहे.

फेब्रुवारी-मार्चच का?

विदर्भात सायकलसाठी बरा काळ थोडाच असतो. पावसाळ्यात रोड ओले आणि खड्डे पाण्याने भरलेले. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी आणि धुके, समोरचा ट्रकही लवकर दिसत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या घरात जातो आणि मे महिन्यात सकाळी नऊलाच डांबर तापते. मध्ये उरतात ते माघ-फाल्गुनाचे आठ-दहा आठवडे.

या दिवसांत पहाट गार असते, हवा कोरडी असते आणि सकाळी वारा कमी असतो. मार्चच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य साडेसहानंतर उगवतो, महिना संपता संपता तो सव्वासहाच्या आत वर येतो. म्हणजे दर आठवड्याला उजेड थोडा लवकर होतो आणि ऊनही थोडे लवकर चढते. त्या हिशेबाने सायकलवाले निघण्याची वेळ मागे मागे नेतात. होळीपर्यंत लांबचा सराव उरकायचा आणि पुढे कमी अंतरावर यायचे, असा बहुतेकांचा बेत असतो.

याच दिवसांत रस्त्याच्या कडेला पळस फुललेला असतो. काटोल-कळमेश्वरकडे गेले तर संत्र्याच्या बागांना आंबिया बहार लागलेला असतो. पहाटे त्या वासातून जायला मिळते, हीसुद्धा लवकर उठायची एक कमाई आहे.

ही शर्यत नेमकी कसली?

सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पहिला-दुसरा नंबर काढणारी. या मंडळींपैकी बरेच जण ज्याची तयारी करतात ती वेगळी आहे. तिला ब्रेव्हे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. यात नंबर नाही, बक्षिसाची रक्कम नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे, एवढीच अट. पॅरिसमधला एक जुना सायकल क्लब याचे नियम ठरवतो आणि जगभर तेच नियम चालतात. भारतातही गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या शहरांतले क्लब अशा ब्रेव्हे घेतात.

अंतर आणि वेळ अशी आहे :

२०० किलोमीटर : साडेतेरा तास
३०० किलोमीटर : २० तास
४०० किलोमीटर : २७ तास
६०० किलोमीटर : ४० तास

हे आकडे आपल्या रोडवर मांडून पाहू. नागपूरहून अमरावती रोडने तळेगावपर्यंत जाऊन परत यायचे म्हणजे साधारण २०० किलोमीटर. अमरावतीला जाऊन परत म्हणजे ३००. मूर्तिजापूरपर्यंत जाऊन परत म्हणजे ४००. खामगाव गाठून परत फिरायचे म्हणजे ६००. तेही दोन दिवसांच्या आत, रात्र रोडवर काढून.

एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण केली की त्या माणसाला 'सुपर रँडोनिअर' म्हणतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून कार्डावर शिक्का किंवा वेळेचा पुरावा घ्यावा लागतो. मध्येच गाडीत बसून अंतर कापले तर तो बाद. सायकल पंक्चर झाली तर स्वतः काढायची. मागे मदतीची गाडी चालत नाही.

गणित करून पाहिले तर वेग फार लागत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधराच्या आसपास. ताशी २२ च्या वेगाने चालवणारा नऊ तासांत अंतर कापतो, वर चार तास शिल्लक राहतात. पण धाब्यावर पाऊण-पाऊण तास असा चार वेळा बसला की त्यातले तीन तास संपले. वर एक पंक्चर आणि समोरून वारा. म्हणून जुने सायकलवाले नव्याला सांगतात, जोरात चालवू नको, जास्त वेळ बसू नको.

नागपूरचा माणूस अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत

हौशी माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो, याचे उदाहरण नागपुरातच आहे. डॉ. अमित समर्थ हे नागपूरचे डॉक्टर. २०१७ मध्ये त्यांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. सायकलवाल्यांच्या बोलण्यात तिला 'राम' म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियात सुरू होऊन ती पूर्व किनाऱ्यावर मेरीलँडमध्ये संपते. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर आणि एकट्याने जाणाऱ्याला मुदत १२ दिवसांची. समर्थ यांनी ती ११ दिवस २१ तासांच्या आसपास पूर्ण केली. मुदतीला जेमतेम तीन तास बाकी होते.

त्याच वर्षी, त्यांच्या काही तास आधी, लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे हे पहिले दोन भारतीय. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली होती. म्हणजे चौघेही डॉक्टर. रामदासपेठ-धंतोलीत पहाटे डॉक्टर सायकलवर दिसतात, त्याचे नवल वाटायला नको.

बारा दिवसांत ४,८०० किलोमीटर म्हणजे रोज ४००. नागपूरहून निघून अकोला गाठायचे, तिथून फिरून अर्ध्याहून जास्त रस्ता परत यायचा आणि हे रोज, बारा दिवस. झोप दिवसातून दोन-तीन तास. वाटेत आधी वाळवंटाची आग, मग दहा हजार फुटांहून उंच घाट, मग मैलोन्‌मैल सपाट रोड आणि आडवा वारा. फरक एवढाच की या शर्यतीत मागे मदतीची गाडी आणि माणसे असतात. खाणे, पाणी, नकाशा, झोपेची वेळ सगळे ती सांभाळतात.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, समर्थ यांनी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,००० किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची शर्यत पूर्ण केली. २०२१ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे सुमारे ६,००० किलोमीटर, त्यांनी १४ दिवसांच्या आत पार केला.

हे सगळ्यांना जमेल असे नाही आणि जमलेच पाहिजे असेही नाही. पण घरदार आणि कामधंदा सांभाळून, साध्या सपाट रोडवर सराव करून माणूस किती लांब जाऊ शकतो, हे त्यातून कळते.

रांगेतच का चालवतात?

हायवेवर पाहणाऱ्याला वाटते, एकामागे एक चिकटून कशाला चालवतात? त्यामागे वारा आहे. सायकल ताशी तीसच्या वेगात गेली की बहुतेक जोर समोरची हवा कापण्यातच जातो. वेग वाढला की हा जोर झपाट्याने वाढतो. वीसवरून तीसवर जायचे तर हवेसाठी लागणारा जोर तिपटीहून जास्त होतो. पुढचा माणूस हवा कापतो आणि त्याच्या आडोशाला चालणाऱ्याचा पाव ते एक तृतीयांश जोर वाचतो. आकाशात बगळे रांग धरून उडतात, त्यात आणि यात फार फरक नाही.

पुढे राहणारा थकतो, म्हणून पाळी लावतात. दोन-चार मिनिटे एकाने वारा घ्यायचा, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचे. काही अवघड शर्यतींमध्ये असा आडोसा घ्यायला मनाईही असते. पण सरावात हा मेळ कामी येतो, नवा माणूस जुन्यासोबत टिकतो.

रांगेत दोन चाकांमध्ये हातभर अंतर असते. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे एकावर एक पडतात. म्हणून ते हाताने खुणा करतात. खाली बोट दाखवले की खड्डा. पाठीमागे हात हलवला की पुढे उभी गाडी किंवा ढोर. हात वर केला की थांबतो आहे. मागचा माणूस "गाडी, गाडी" ओरडतो तो पुढच्यांना मागून येणाऱ्या ट्रकची सूचना देण्यासाठी. कोणाशी भांडण काढण्यासाठी नाही.

तयारीचे गणित

दोनशे किलोमीटर एका दिवसात जायचे असेल तर आदल्या आठवड्यात जोर करून भागत नाही. साधारण पद्धत अशी असते.

आठवड्यात दोन-तीन दिवस तासभराची सायकल. एक दिवस चढ. नागपुरात त्यासाठी सेमिनरी हिल्सचा छोटा चढ आहे, मोठा घाट हवा तर चिखलदरा गाठावा लागतो. रविवारी लांबची फेरी. एक दिवस पूर्ण आराम. आराम हा आळस नव्हे. दमलेला स्नायू आरामातच भरून निघतो.

लांबच्या फेरीचे अंतर दर आठवड्याला एक दहांशच्या आसपास वाढवायचे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ६० किलोमीटर जमत असेल तर पुढे ६६, मग ७३, मग ८०. दोन-तीन आठवडे वाढवले की एक आठवडा हलका. असे करत दहा-अकरा आठवड्यांत, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत, माणूस सव्वाशे-एकशे तीसपर्यंत पोहोचतो. जो एकशे तीस आरामात जातो तो बेताने चालवून दोनशे गाठू शकतो. बैलाला पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाहीत, तसेच हे आहे.

वेग किती ठेवायचा, याची सोपी चाचणी आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. सरावातला बराचसा वेळ अशा बोलता येण्याच्या वेगातच जातो. छातीत दुखणे, चक्कर येणे, धडधड न थांबणे असे झाले तर तिथेच उतरायचे. चाळिशी ओलांडलेल्याने किंवा बीपी-शुगर असलेल्याने लांबच्या सरावाआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

बाटलीत काय असते?

पाणी तर असतेच, पण नुसते पाणी पुरत नाही. घामासोबत मीठ जाते. तासन्‌तास नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखणे, मळमळ, गुंगी असा त्रास होतो. म्हणून ते पाण्यात मीठ-साखर टाकतात. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हेच पाणी जुलाबात देतात. मेडिकलमधली ओआरएसची पुडीही चालते.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि उन्हात थोडे अधिक. तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट प्यायचे. दीड तासाहून जास्त चालवायचे असेल तर दर तासाला काहीतरी खायचे. केळे, गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. खिशात महागडी पाकिटे असतात हे खरे, पण पाय चालवायला लागणारी साखर केळ्यातही असते आणि गुळातही. पोटात काही नसताना चालवत राहिले की एकदम पाय उचलत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. नवखे सायकलवाले इथेच फसतात. तर्रीपोहे मात्र फेरी संपल्यावर. तिखट-तेलकट खाऊन पुढचे पन्नास किलोमीटर पोट चालू देत नाही.

ऊन : फायदा किती, धोका किती

अमेरिकेतली ती शर्यत जूनमध्ये असते आणि पहिले दोन-तीन दिवस वाळवंटातून जातात. तिथे पारा चाळीसच्या वर असतो. नागपूरचा माणूस मार्च ते मे आपल्या उन्हात सराव करून गेला असेल, तर त्याचे शरीर त्या गरमीला तयार असते. थंड गावातून आलेल्याला हा फायदा मिळत नाही.

शरीराला उन्हाची सवय लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, रक्ताचे प्रमाण वाढते आणि त्याच कामाला हृदयाची धडधड कमी पडते. पण ही सवय रोज थोडी थोडी वाढवूनच लागते. आठवडा-दोन आठवडे उन्हापासून लांब राहिले की ती उतरायला लागते.

शेतकऱ्याने आणि शेतमजुराने लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. लग्नसराईत आठ-दहा दिवस पाहुण्यांकडे राहून आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी भर दुपारी हळद उकडायला किंवा गहू काढायला उभा राहतो आणि भोवळ येऊन पडतो. उन्हाचा तडाखा पहिल्या काही दिवसांतच जास्त बसतो. पहिल्या दिवशी सकाळचे दोन तास, मग तीन, असे वाढवत जावे. सायकलवाले जे गणित किलोमीटरचे करतात, तेच उन्हाचे करायचे.

ऊन लागल्याची खूण ओळखा. माणूस असंबद्ध बोलतो, पाय लटपटतात, अंग भट्टीसारखे तापते, उलटी होते, शुद्ध हरपते. घाम थांबलेला असू शकतो, पण मेहनत करणाऱ्याला ऊन लागले तर घाम सुरूही असतो. घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, ओल्या दुपट्ट्याने वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

रोड सगळ्यांचा आहे

सरावातला सगळ्यात मोठा धोका ऊन नाही, थकवाही नाही. तो रोडवरच असतो आणि अंधारात तो जास्त असतो. यात सायकलवाल्यांचे चुकते तसे आपलेही चुकते.

सायकलवाल्यांचे आधी पाहू. काही गट गप्पा मारत दोघे-तिघे शेजारी चालवतात, मागची एसटी अडून राहते. काही जण पुढचा लाईट इतका प्रखर लावतात की समोरून बंडी घेऊन येणाऱ्याला काही दिसत नाही. लाईट खाली झुकलेला असावा. खाल्लेल्या पाकिटांचे कागद धुऱ्यावर टाकू नयेत, ढोरं ते खातात. गाव लागले की वेग कमी करावा. अंगणातून लेकरू कधी धावत येईल, सांगता येत नाही.

आता आपले. फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर, हरभरा, गहू निघतो आणि काही ठिकाणी तो डांबरी रोडवरच पसरवतात, म्हणजे गाड्यांच्या चाकाखाली आपोआप मळला जाईल. त्या काडावर सायकल आणि मोटरसायकल दोन्ही घसरतात. पसरलेल्या मालाला कडेने दगड लावले तर अंधारात तेच दगड जीव घेतात. मळणी खळ्यावर किंवा मशीनवरच करावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर असलाच पाहिजे, तो नियमच आहे. कापसाची किंवा कडब्याची ट्रॉली बिना लाईटची उभी असेल तर मागून येणाऱ्याला ती धडकल्यावरच कळते. बंडीला मागे रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला फार खर्च येत नाही.

पहाटे मोहफुले वेचायला किंवा फिरायला रोडने पायी जाणाऱ्यांनी उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. सायकलने मात्र डाव्या बाजूनेच जावे. पुष्कळ जण हे उलटे करतात. समृद्धी महामार्गावर सायकलला आणि मोटरसायकललाही परवानगी नाही, तिथे सरावाला जाऊ नये.

कुत्रे मागे लागले तर जोरात पळवण्यापेक्षा वेग कमी करून उतरावे आणि सायकल मध्ये धरावी. बहुतेक कुत्री पळणाऱ्या चाकामागे धावतात, थांबलेल्या माणसाला सोडून देतात. चावलेच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्या.

अपघात दिसला तर घाबरू नका

सायकलवाला असो की गावातला मोटरसायकलवाला, पहाटे पडलेल्या माणसाजवळ पहिले पोहोचते ते गावातलेच कोणीतरी. पण पोलिसांचे झंझट नको म्हणून पुष्कळ जण लांबूनच पाहतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या अपघाताबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हेही मदत करणाऱ्यावरच असते.

मान किंवा पाठ दुखावल्यासारखी वाटली तर माणसाला ओढू-उचलू नका. हेल्मेट खेचून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. १०८ ला फोन करून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, गाडी लवकर सापडते. एक माणूस मागे दूर उभा करून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवा.

साध्या सायकलवर काय करता येईल?

हे सगळे वाचून वाटेल की यासाठी लाखाची सायकल लागते. शर्यतीच्या सायकलचे वजन आठ-दहा किलो असते, आपल्या काळ्या सायकलचे वीसच्या आसपास. चढावर तो फरक जाणवतो. पण ब्रेव्हेच्या नियमात महागड्या सायकलची अट नाही. चांगले ब्रेक, लाईट, हेल्मेट आणि चमकणारे जॅकेट हवे, सायकल साधी चालते. शाळेला रोज सात-आठ किलोमीटर जाणारी-येणारी मुलगी आठवड्यात नव्वद किलोमीटरपर्यंत सायकल चालवते. शहरातल्या कित्येक हौशी सायकलवाल्यांचा आठवड्याचा सराव याहून कमी असतो. आपण किती चालवतो, हे तिला कोणी मोजून सांगितलेले नसते.

सायकल नीट करायला तीन गोष्टी पुरतात. सीटची उंची अशी ठेवा की टाच पायडलवर ठेवली तर पायडल अगदी खाली असताना पाय सरळ होईल. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात आणि बहुतेकांची सीट खालीच असते. चाकात हवा पुरेशी ठेवा, कमी हवेच्या चाकाला जास्त मेहनत लागते. चेन पुसून आठवड्याला एकदा तेलाचे दोन थेंब द्या. मागे लाल लाईट लावा. कपड्यांच्या आधी तो विकत घ्या.

येत्या रविवारी पहाटे ती रांग पुन्हा निघेल. रामदासपेठेत दवाखान्याबाहेर बसलेला कोणी तिला जाताना पाहील आणि दोन तासांनी कोंढाळीत कोणी तिला येताना पाहील. त्यातल्या कोणाला २०० करायचे असतील, कोणाला ६००, कोणाला नुसती शुगर खाली आणायची असेल. रांग जवळून गेली तर ट्रॅक्टर थोडा कडेला घ्या आणि डिपर खाली करा. पोहे खायला थांबले तर विचारा, सीट किती उंच ठेवता. सांगतील. सायकलवाल्याला सायकलबद्दल विचारले की तो घड्याळ विसरतो आणि दोनशे किलोमीटरच्या दिवशी त्याला हेच महागात पडते.